हौशी बाहुलीनाट्य गटासाठी निधी कसा उभारावा: कोणते काम आधी आणि कोणते नंतर

हौशी बाहुलीनाट्य गटांची पैशांची मोहीम फसते, ती बहुधा लोक कंजूष असल्यामुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे. गट स्थापन होतो, नाव ठरते, पहिल्याच आठवड्यात क्यूआर कोड असलेले एक चित्र सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागते, आणि त्याखाली ‘यथाशक्ती मदत करावी’ अशी एक ओळ असते. तोपर्यंत एकही बाहुली तयार नसते, खर्च किती येणार हे कोणी मांडलेले नसते आणि पैसे ज्या खात्यात जाणार ते गटातल्याच एखाद्याचे बचत खाते असते. चार-पाच हजार रुपये जमतात, मोहीम थंडावते, आणि ज्या माणसांकडे नंतर खरोखर जायला हवे होते त्यांच्याकडे पुन्हा तोंड उघडण्याची सोय उरत नाही. पुढील टप्पे मुंबईतल्या सहा-सात जणांच्या, हातमोजा किंवा छडीच्या बाहुल्यांचा चाळीस मिनिटांचा प्रयोग बसवू पाहणाऱ्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये.

१. आधी खर्चाचे तीन ढीग करा

अंदाजपत्रक म्हणजे खर्चाची एक लांबलचक यादी, असे समजून बहुतेक गट यादीच्या तळाशी आलेला आकडा थेट लोकांपुढे ठेवतात. ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण त्या आकड्यातला निम्मा भाग कोणाकडेही मागण्याची गरज नसते. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट आणि लोहार चाळ येथे प्रत्यक्ष फिरून, दुकानदाराकडून चिठ्ठीवर लिहून घेऊन भरावेत.

एकदाच होणारा खर्च: आठ बाहुल्यांचे साहित्य (फोम, कापड, लोकर, गोंद, रंग) ५,६०० रुपये, पाइपांची घडीची चौकट आणि काळा पडदा ६,५०० रुपये, चार एलईडी दिवे आणि स्टँड ९,००० रुपये. एकूण २१,१०० रुपये.

तयारीचा खर्च: बारा तालमींची जागा ६,००० रुपये, तालमीतला चहा-नाश्ता २,४०० रुपये, छपाई आणि पावती पुस्तक २,४०० रुपये. एकूण १०,८०० रुपये.

दर प्रयोगाचा खर्च: टेम्पो २,५०० रुपये, भाड्याचे स्पीकर आणि माइक २,५०० रुपये, चहा २०० रुपये. एकूण ५,२०० रुपये; तीन प्रयोगांचे १५,६०० रुपये.

बेरीज ४७,५०० रुपये होते आणि दहा टक्के अनपेक्षित खर्च धरला की ५२,२५० रुपये. हा आकडा पाहून गट घाबरतो आणि लोकांनाही घाबरवतो. मात्र प्रत्येक ढिगाचा धनी वेगळा असतो. तालमीच्या चहासाठी बाहेरचा माणूस कधीही पैसे देत नाही आणि त्याने ते द्यावेत अशी अपेक्षाही करू नये. तो खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवावा. सात जणांनी सहा महिने दरमहा ३०० रुपये काढले तर १२,६०० रुपये होतात, म्हणजे तयारीचा खर्च भागून १,८०० रुपये उरतात. प्रयोगाचा खर्च हा ज्याच्याकडे प्रयोग होतो त्याने मानधनातून द्यायचा असतो. म्हणून बाहेरून उभारायची रक्कम म्हणजे एकदाच होणारा खर्च आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद, त्यातून वर्गणीची शिल्लक वजा: २४,०५० रुपये. त्यात पहिल्या प्रयोगाचे ५,२०० रुपये मिळवावेत, कारण मानधन बहुधा प्रयोगानंतर आणि तेही धनादेशाने मिळते, पण टेम्पोवाला मात्र सामान उतरल्यावर तिथेच हात पुढे करतो. हिशेब साधारण २९,२५० रुपयांवर, म्हणजे सोयीसाठी ३०,००० रुपयांवर येऊन थांबतो.

तपासणी: सदस्य स्वतः वर्गणी द्यायला तयार नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. ‘तुम्ही स्वतः किती घातलेत?’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत हमखास विचारला जातो.

२. पैसे कोणाच्या नावावर येणार ते ठरवा

सदस्याच्या व्यक्तिगत खात्यात पैसे घेणे सोपे वाटते आणि तेच पुढे सर्वाधिक त्रास देते. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मोबदल्याविना मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर आयकराच्या नियमानुसार ती संपूर्ण रक्कम त्या व्यक्तीच्या उत्पन्नात धरली जाते. रक्कम त्याहून कमी असली तरी घरखर्च आणि गटाचा खर्च एकाच पासबुकात मिसळला की तीन महिन्यांनी त्या सदस्याच्या प्रामाणिकपणावर, विनाकारण, शंका घेतली जाते. चांगले गट यावरून फुटलेले मी पाहिले आहेत.

पहिल्या वर्षी सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत स्थानिक संस्थेचे, उदाहरणार्थ वाचनालयाचे, महिला मंडळाचे किंवा शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे, छत्र घेणे, म्हणजे देणग्या त्या संस्थेच्या खात्यात घेणे. तसे लेखी पत्र घ्यावे. त्यात कोणत्या कामासाठी पैसे स्वीकारले जातील, बिल दिल्यावर किती दिवसांत रक्कम मिळेल आणि शिल्लक राहिल्यास तिचे काय होईल, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. संस्थेची कार्यकारिणी बदलली की आश्वासन देणारेही बदलतात.

स्वतःची नोंदणी करायची असल्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात आणि आपल्या राज्यात अशा संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद करावी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घेऊन सादर करणे आले. तीन प्रयोग करून थांबणार असलेल्या गटाने हे ओझे अंगावर घेऊ नये. दोन वर्षे टिकून दाखवल्यावर घ्यावे.

इशारा: नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यापूर्वी याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. गणेशोत्सव मंडळे हीच परवानगी घेतात. म्हणून दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरण्याच्या फंदात नवख्या गटाने पडू नये आणि लहान मुलांना तर पैसे मागायला मुळीच पाठवू नये.

दुसरा इशारा: परदेशात असलेल्या नातलगाने ‘मी पाठवतो’ असे म्हटल्यावर आनंद होणे स्वाभाविक आहे, पण त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे हे आधी विचारावे. भारतीय नागरिक असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देऊ शकतो. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते) असले तरीही, ती विदेशी देणगी ठरते आणि २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी वा परवानगी असल्याखेरीज संस्थेला ती घेता येत नाही.

३. दहा मिनिटांचा नमुना तयार करा

मागण्याआधी दाखवणे, हा या संपूर्ण लेखाचा गाभा आहे. ‘आम्ही बाहुल्यांचा खेळ करणार आहोत’ असे वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या मनात काहीही उभे राहत नाही. तीच बाहुली हातात घालून त्याच्या टेबलावर दोन मिनिटे बोलली की पुढचे निम्मे बोलणे वाचते. म्हणून सदस्यांच्या वर्गणीतली पहिली उचल चहावर न घालवता दोन बाहुल्यांवर घालवावी. दोन पात्रे, एक प्रसंग, दहा मिनिटे, आणि पडदा म्हणून दोन खुर्च्यांवर ताणलेली चादर, इतके पुरेसे आहे.

मुंबईच्या हवेचा येथे विचार करावा लागतो. कागदाच्या लगद्याची डोकी जूननंतर करायला घेतली तर ती आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आतून ओली राहतात आणि त्यांना बुरशी लागते. लगद्याचे काम मेअखेर संपवावे किंवा सरळ फोम वापरावा. माझ्या गटाने एके वर्षी जुलैमध्ये लगद्याचा सिंह केला आणि ऑगस्टमध्ये, ज्यांनी त्याच्यासाठी पैसे दिले होते त्यांच्यासमोरच, त्याचा जबडा गळून पडला.

नमुना दाखवण्यासाठी सोसायटीच्या सभागृहात किंवा गच्चीत तीस-चाळीस ओळखीच्या माणसांना बोलवावे. मुलांना पुढे बसवावे आणि पालकांना मुलांचे चेहरे दिसतील अशा जागी बसवावे, कारण देणगीचा निर्णय पालक बहुधा बाहुलीकडे नव्हे, तर आपल्या मुलाकडे पाहून घेतो. कार्यक्रमाच्या शेवटी एका सदस्याने उभे राहून तीन मिनिटांत एकूण खर्च, सदस्यांनी घातलेली रक्कम आणि उरलेली गरज सांगावी. आकडे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

तपासणी: नमुना पाहून मुले मध्येच उठून जात असतील तर निधीचे काम थांबवून संहितेवर काम करावे. ही वेळ वाया जात नाही.

४. रकमेचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्या

‘मदत करा’ या मागणीला ‘बघू’ हे उत्तर मिळते. ‘या कोल्ह्याचे एक हजार रुपये तुम्ही द्याल का?’ या मागणीला हो किंवा नाही मिळते आणि दोन्ही उपयोगी असतात. ३०,००० रुपयांचे तुकडे असे पडू शकतात: आठ बाहुल्यांचे पालकत्व, प्रत्येकी १,००० रुपये, दिवे ९,००० रुपये, पडदा आणि चौकट ६,५०० रुपये, उरलेले ६,५०० रुपये नमुन्याच्या संध्याकाळी येणाऱ्या दोनशे-पाचशेच्या लहान रकमांतून. बाहुलीचे साहित्य ७०० रुपयांचे असताना १,००० रुपये का, हे लपवू नये. वरचे ३०० रुपये शिलाई, दुरुस्ती आणि जादा कपड्यांसाठी आहेत, असे पत्रातच लिहावे.

वस्तूरूपाने मिळणारी मदत पैशांइतकीच मोजावी. कापडाच्या व्यापाऱ्याकडे रोख मागण्याऐवजी गठ्ठ्याच्या शेवटी उरलेले तुकडे मागितले, तर तो बहुधा नकार देत नाही. मात्र अशा प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत वहीत नोंदवावी आणि तेवढी रक्कम गरजेतून वजा करावी. एकाच पडद्यासाठी कापडही घेतले आणि पैसेही घेतले, असे होऊ देऊ नये.

५. कोणाकडे, कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत

यादी आतून बाहेर करत जावी: आधी सदस्यांचे घरचे आणि मित्र, मग नमुना पाहिलेले शेजारी, मग ज्यांचे गिऱ्हाईकच मुले आणि पालक आहेत असे परिसरातील व्यावसायिक. बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, शिकवणीवर्ग, वह्या-पुस्तकांचे आणि खेळण्यांचे दुकान, गणवेशवाला. अनोळखी मोठ्या कंपनीला पत्र लिहिण्यात पहिले वर्ष घालवू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च करणे ज्यांना बंधनकारक आहे त्या कंपन्या ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी अट पूर्ण करणाऱ्या असतात आणि बाहेरच्या संस्थेमार्फत तो खर्च करताना त्यांना नोंदणी, करसवलतीची मान्यता आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कालपरवा जमलेल्या गटाकडे यांतले काहीच नसते.

दुकानदाराकडे बोहनी होण्याआधी पैशांची गोष्ट काढू नये आणि संध्याकाळी सहानंतर गर्दीत तर जाऊच नये. दुपारी साडेबारा ते चार ही वेळ बरी. दोघांनी जावे, एकाने बोलावे, दुसऱ्याच्या पिशवीत बाहुली असावी. सोबत एकच पानाचे पत्र असावे आणि त्याचा गाभा साधारण असा असावा:

‘आम्ही सात जण मिळून मुलांसाठी चाळीस मिनिटांचे बाहुलीनाट्य बसवत आहोत. एकूण खर्च ५२,२५० रुपये असून त्यातील १२,६०० रुपये आम्ही स्वतः घालत आहोत. प्रयोगासाठी चार दिव्यांची गरज आहे. त्यांची किंमत ९,००० रुपये असून दुकानाचे दरपत्रक सोबत जोडले आहे. हा खर्च आपण उचलावा, अशी विनंती आहे. प्रयोगाच्या पत्रकावर आपले नाव छापले जाईल आणि पंधरा दिवसांत हिशेब आपल्याला पोहोचवला जाईल.’

पत्र दिल्यावर गप्प बसणे हे बहुतेकांना जमत नाही. समोरचा विचार करत असताना घाईने ‘निम्मे दिलेत तरी चालेल’ असे म्हणून गट स्वतःच आपली रक्कम अर्धी करून घेतो. त्याने काही बोलेपर्यंत थांबावे. नकार मिळाल्यास आभार मानून पहिल्या प्रयोगाचे निमंत्रण द्यावे. दुसऱ्या वर्षी तोच माणूस कामी येतो.

मोबदल्यात काय देणार, याची सीमा आधी बैठकीत ठरवावी. पत्रकावर नाव, प्रवेशद्वाराशी छोटा फलक आणि सुरुवातीला एक वाक्य यापलीकडे जाऊ नये. एका शिकवणीवर्गाच्या चालकांनी आमच्या ससोबाला त्यांच्या वर्गाचा टी-शर्ट घालण्याची अट घातली होती. सात हजारांचा प्रश्न असल्याने आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला आणि अखेर आम्ही नकार दिला. निवडणुका जवळ असताना स्थानिक नेत्याकडून पैसे घेण्याआधीही हाच विचार करावा, कारण फलकावरचा फोटो किती मोठा असावा हे नंतर गटाच्या हातात राहत नाही.

६. स्मरणिका आणि तिकीटविक्री यांपासून पहिल्या वर्षी दूर राहा

जाहिराती घेऊन स्मरणिका काढणे हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग आहे आणि मोठ्या संस्थांना तो लाभतोही. लहान गटाचे गणित मात्र उलटे होते: छपाईचे पैसे आधी द्यावे लागतात आणि जाहिरातीचे पैसे अंक हातात पडल्यावर, अनेकदा चार-चार फेऱ्या मारल्यावर मिळतात. तरीही काढायचीच असेल तर जाहिरातीचा मजकूर आणि रक्कम एकाच वेळी घ्यावी. रक्कम आल्याखेरीज पान छापायला देऊ नये.

तिकीट लावल्याने तीन गोष्टी एकदम बदलतात. पहिली म्हणजे, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला जी सूट आहे, ती तिकीट लावताच उरत नाही. मग दुसऱ्याच्या कथेवर वा नाटकावर आधारित प्रयोगासाठी लेखकाची, अथवा त्याच्या निधनाला साठ वर्षे झालेली नसल्यास वारसांची, लेखी परवानगी लागते. ध्वनिमुद्रित चित्रपटगीते वाजवण्याचा परवाना हा आणखी वेगळा विषय आहे. पेटी-तबल्यावर स्वतःची गाणी म्हणणे स्वस्त पडते आणि बाहुलीच्या तोंडी शोभतेही. दुसरी म्हणजे, संहितेला महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र आणि प्रयोगाला आवश्यक ते परवाने घेण्याचे काम मागे लागते. तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे: पार्ल्याच्या दीनानाथ किंवा दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात हातमोजा बाहुली दहाव्या रांगेपलीकडे दिसतच नाही, आणि लहान जागेत तिकिटांचे उत्पन्न जागेच्या भाड्यापुरतेच होते.

त्याऐवजी ठरावीक मानधनावर प्रयोग विकावा. दर प्रयोगाचा खर्च ५,२०० रुपये असेल तर ७,००० रुपयांच्या खाली प्रयोग देऊ नये. वरचे १,८०० रुपये दुरुस्तीसाठी बाजूला पडले पाहिजेत. ‘यंदा फुकट करा, पुढच्या वर्षी बघू’ ही सूचना जवळच्या माणसांकडूनच येते. फुकट प्रयोग करायचाच असेल तर वर्षातून एक, तोही गटाने स्वतः निवडलेल्या ठिकाणी.

वेळापत्रक येथे निर्णायक ठरते. गणेशोत्सव मंडळांचे आणि सोसायट्यांचे कार्यक्रम आषाढातच ठरू लागतात, त्यामुळे श्रावणात विचारणारा गट उशिरा पोहोचतो. शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत असतात, पण त्यांच्याशी बोलणे दिवाळीच्या सुटीआधी करावे. १४ नोव्हेंबरचा बालदिन आणि २१ मार्चचा जागतिक बाहुलीनाट्य दिन या तारखा निमित्त म्हणून उपयोगी पडतात. मार्च महिना मात्र परीक्षांचा असल्याने शाळेऐवजी वाचनालय गाठावे.

७. पावती, नोंद आणि पोच

पावती पुस्तक क्रमांकित आणि स्थळप्रत असलेले असावे. रक्कम पन्नास रुपये असली तरी पावती त्याच दिवशी द्यावी. पैसे सांभाळणारा आणि हिशेब लिहिणारा हे दोन वेगळे सदस्य असावेत, आणि या दोघांनी महिन्यातून एकदा सर्वांसमोर वही आणि बँकेचा उतारा ताडून पाहावा.

करसवलतीबाबत जास्तीचे आश्वासन देण्याची चूक फार होते. जिला सारेजण ८०जीची सवलत म्हणतात ती केवळ तशी मान्यता असलेल्या संस्थेच्या खात्यात दिलेल्या देणगीवर मिळते, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या दात्याला तिचा उपयोगही होत नाही. छत्र देणाऱ्या संस्थेकडे ही मान्यता आहे का, हे प्रमाणपत्र पाहून ठरवावे. नसेल तर पत्रात तो शब्दही येऊ देऊ नये.

पहिल्या प्रयोगानंतर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब प्रत्येक देणाऱ्याकडे, शक्य असल्यास हातोहात, पोहोचवावा. बाहुलीचे पालकत्व घेतलेल्याला त्या बाहुलीचा प्रयोगातला फोटो द्यावा. एखादी बाब अंदाजापेक्षा महाग पडली असेल तर ती हिशेबात तशीच दाखवावी आणि शेजारी कारण लिहावे. पैसे उरले असतील तर ते सदस्यांच्या जेवणावर खर्च करू नयेत. किती उरले आणि ते कोणत्या दुरुस्तीसाठी राखले, हे त्याच पानावर शेवटच्या ओळीत लिहावे आणि त्याखाली सातही सदस्यांच्या सह्या असाव्यात.